पिवळ्या कढीपत्त्याला रोज ताक? खुलासा

‘कढीपत्ता पिवळा पडला की रोज ताक घाला, आठवड्यात हिरवागार’ असा मेसेज फिरतोय. कृपया असं करू नका. पातळ ताक महिन्यातून एखाद्या वेळी चालेल. रोज ओतलं तर कुंडीतली माती आंबते, चिलटं होतात, मुळं गुदमरतात.

आधी बोट दोन इंच मातीत खुपसून बघा. चिखल लागला तर पाणी थांबवा, कुंडीचं तळाचं भोक मोकळं करा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल असं लोहाचं खत) पाकिटावरच्या प्रमाणातच द्या. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर मूठभर गांडूळखत घाला. थंडीत थोडी पानगळ होतेच, तेव्हा खताचा मारा नको.