नासाचं सर्टिफिकेट कशाला हवंय संस्कृतला?

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, दादर ते डोंबिवली एव्हाना सगळ्यांच्या फोनवर पोचला असेल. नासाने म्हणे संस्कृत ही कम्प्युटरसाठी बेस्ट भाषा ठरवली, इंग्रज अधिकारी मेकॉलेने लंडनच्या पार्लमेंटमध्ये भाषण ठोकून ती संपवली, वेद मात्र पाठांतरामुळे एक अक्षर न गमावता टिकले, म्हणून पहिलीपासून संस्कृत कम्पल्सरी करा.

आधी नासा. 1985 मध्ये नासाच्या एम्स सेंटरमधल्या रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने एआय मॅगझिनमध्ये एक लेख लिहिला, बास एवढंच, नासाने काही ठरवलं वगैरे नाही. लेख इंटरेस्टिंग आहे हो पण! 'चैत्र गावाला जातो' हे वाक्य आपले वैयाकरण कसं सोडवतात, तर गावाशी संयोग घडवणारी क्रिया चालू आहे आणि तिचा कर्ता चैत्र, म्हणजे क्रिया मध्ये आणि बाकी सगळी कारकं (म्हणजे कर्ता, कर्म अशी क्रियेशी असलेली नाती) तिला जोडलेली, आणि वाक्याचा अर्थ मशीनला समजावायला तेव्हाचे एआयवाले जी जाळी मांडत होते ती याच्यासारखीच दिसते असं त्याचं म्हणणं. संस्कृतात कोडिंग करा असं त्यात कुठेच नाही. फॉरवर्ड करणाऱ्या किती जणांना कारकं किती ते सांगता येईल? (सहा.)

मेकॉलेचं ते भाषण 2 फेब्रुवारी 1835 चं म्हणून फिरतं, तेव्हा हा माणूस भारतात होता. त्याच तारखेचं त्याचं खरं टिपण आहे आणि त्यात संस्कृतबद्दल पुरेसं वाईट लिहिलंय, खोटं कशाला जोडायचं? आणि संपली कुठे? 1860 च्या दशकात इथेच बॉम्बे संस्कृत सिरीज ही संस्कृत ग्रंथांची मालिका सुरू झाली, 1912 ला चिंतामणराव देशमुखांनी मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ स्कॉलरशिप मिळवली, पां. वा. काणे तर मुंबईत वकिली करता करता धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते.

आता वेद. घनपाठ, म्हणजे वेद पाठ म्हणायची एक पद्धत, एकदा नीट ऐका, एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, परत एक-दोन-तीन, असे शब्द उलटसुलट म्हणत पुढे जायचं, त्यामुळे एक शब्द जरी हलला तरी लगेच पकडला जातो, जबरदस्त सिस्टीम आहे. पण 'काहीच गमावलं नाही' हे साफ चूक. व्याकरणकार पतंजली महाभाष्यात एकट्या ऋग्वेदाच्या 21 शाखा, म्हणजे पठणाच्या वेगवेगळ्या परंपरा, सांगतो, आणि युनेस्कोने वेदपठणाला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला तेव्हाच्या नोंदीत एक हजाराहून जास्त शाखांपैकी 13 उरल्यात असं लिहिलंय. शिकणारा थांबला की शाखा गेली, तिथे शत्रू कोणी लागत नाही.

राहिलं कम्पल्सरी. आपल्याकडे आठवीत पोरं संस्कृत घेतातच की, स्कोरिंग म्हणून! दहावीचा पेपर झाला की 'आमोद' हे संस्कृतचं पाठ्यपुस्तक रद्दीत. बारावीनंतरही संस्कृत शिकत राहणारा मुलगा घरात निघाला तर हेच फॉरवर्डवाले काका पहिलं विचारणार, 'पण मग नोकरीचं काय?'