क्रिओलला कायदा नाही, मराठीला आहे

कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावर, ल मारँच्या खाडीत नांगर टाकला की बोटीच्या आगमनाची नोंद कप्तानाने स्वतःच संगणकावर करायची असते. फ्रेंच कळफलकावर ‘ए’च्या जागी ‘क्यू’ असल्याने आपले आडनावही चाचपडत लिहावे लागते. मग डिंगी, म्हणजे छोटी होडी, धक्क्याला बांधून पाव आणि भाजीपाला आणायला निघाले की बेटाचा खरा भाषाव्यवहार दिसतो. ‘बोंजूर’ न म्हणता थेट भाव विचारला, तर भाजीवाली मान वर करीत नाही. तेवढा शिष्टाचार पाळला की ती आपल्याशी फ्रेंच बोलते आणि त्याच दमात शेजारच्या मासेवाल्याची क्रिओलमध्ये, म्हणजे बेटाच्या बोलीत, थट्टा करते.

हे पाहताना आपल्याकडचा भाषावाद आठवतो. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे शासन निर्णय विरोधामुळे 2025च्या जूनअखेर मागे घेतले गेले. तो विरोध मला रास्त वाटला. मात्र त्याच सुमारास, परप्रांतीय दुकानदाराने मराठीच बोलावे यावरून प्रकरण मारहाणीपर्यंत गेले, ते पटले नाही. दादरच्या दुकानात दोन मराठी माणसे एकमेकांशी हिंदीत घासाघीस करतात, त्यावर कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

मार्टिनिकच्या प्रादेशिक सभेने 2023मध्ये क्रिओलला फ्रेंचच्या जोडीने अधिकृत भाषा ठरवले. पण फ्रेंच राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमानुसार प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच असल्याने तो ठराव न्यायालयात टिकला नाही. आपल्याकडे 1964चा राजभाषा अधिनियम आहे, 2024पासून अभिजात भाषेचा दर्जाही आहे. म्हणून कायद्याविना बाजारात नांदणारी क्रिओल सुखी आणि कायदा असूनही मराठी दुःखी, असे मात्र कोणी समजू नये. मार्टिनिकमध्ये सरकारी कचेरीतला अर्ज फ्रेंचमध्येच भरावा लागतो आणि बाजारात फर्डे क्रिओल बोलणारी म्हातारी तिथे नातवाला सोबत नेते. मराठी माणसाला त्याच्या राज्यात ही वेळ येऊ नये यासाठी कायदा हवाच, आणि तो राबवून घेण्यासाठी भांडायलाही हवे.

फक्त ते भांडण दुकानदाराशी नाही. मुंबई महापालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत गेले, ते आपल्याच घरांत झालेल्या निर्णयांमुळे. आणि परदेशातल्या आम्हा मंडळींची मुले आजीशी इंग्रजीत बोलतात, त्याचा जाब तर कोणत्याच सरकारला विचारता येणार नाही.