‘पन्नास मीटर सोडा आणि बांधा’: कोकणातल्या प्लॉटच्या मेसेजने काय काय गाळलंय

कोकणातला प्लॉट विक्रीला निघाला की पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटोंमागोमाग एक मजकूर येतो. शब्द इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. २०१९च्या नव्या सीआरझेडनंतर (सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनंतर) समुद्रापासून ५० मीटर सोडले की बांधकाम खुलं. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला ग्रामपंचायतीचा दाखला पुरतो, फाइल मुंबईला जात नाही. जमीन खासगी, एनए (अकृषिक) झालेली आणि बांधाच्या आत असेल तर सीआरझेडचा प्रश्न येत नाही. तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, दहा गुंठ्यांपेक्षा कमी असतील तर ती धरत नाहीत. आणि एकदा बांधून झालं की दंड भरून विषय मिटतो.

हे लिहिणाऱ्याला नियम माहीत आहेत, एवढं मान्य करायला हवं. प्रत्येक वाक्यामागे एखादी खरी तरतूद आहे. फक्त तिचा पुढचा भाग कापलेला आहे, आणि खरेदीखत झाल्यावर नडतो तो हाच भाग.

‘५० मीटर सोडले की बांधकाम खुलं’

१८ जानेवारी २०१९च्या अधिसूचनेत ५० मीटरचा आकडा आहे, पण ग्रामीण किनाऱ्याच्या दोन वर्गांपैकी एकासाठीच. २०११च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्ती असेल तर तो भाग सीआरझेड-३अ. तिथे ना-विकास क्षेत्र, म्हणजे बांधकामाशिवाय सोडायचा पट्टा, ५० मीटर. त्याहून विरळ वस्ती म्हणजे ३ब, आणि तिथे पूर्वीसारखेच २०० मीटर. चार चौरस किलोमीटरच्या गावाला ५० मीटरची सवलत हवी असेल तर तिथे ८,६४४ पेक्षा जास्त माणसं हवीत. २०११ला रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी घनता होती १९७ आणि सिंधुदुर्गची १६३. सरासरीवरून एकेका गावाचा वर्ग ठरत नाही हे खरं, पण मेसेजमधला ५० चा आकडा सरसकट धरून चालणं किती धोक्याचं आहे ते यावरून कळावं.

शिवाय २०० मीटर ओलांडले म्हणजे सुटलो असंही नाही. समुद्राच्या बाजूला सीआरझेड ५०० मीटरपर्यंत आहे. मधल्या पट्ट्यात घर बांधता येतं ते कोळीवाडे, गावठाणं यांच्या परंपरागत हक्कांच्या आणि वहिवाटीच्या चौकटीत, तेही तळमजला अधिक एक आणि एकूण उंची ९ मीटरच्या आत. ‘सी व्ह्यू’साठी तिसरा मजला किंवा गच्चीवर पत्र्याची खोली चढवली की ही मर्यादा मोडली. खाडीकाठी अंतर कमी आहे: ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. मात्र खाडी कुठपर्यंत धरायची हे पाणी दिसण्यावर नसून वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळातल्या खारटपणावर ठरतं. दर हजारी ५ भागांपर्यंत क्षार आहेत तिथवर भरतीचा प्रभाव मानतात. म्हणून समुद्रापासून बऱ्याच आत, ‘नदीकाठचा प्लॉट’ म्हणून विकलेली जमीनही सीआरझेडमध्ये निघू शकते.

आणि मोजायचं कुठून? रविवारी दुपारी लाट जिथे आली तिथून नक्कीच नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेली उच्चतम भरती रेषा प्रमाण आहे, आणि ती मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर असते. आराखड्याचा नकाशा १:२५,००० प्रमाणाचा असतो. त्यावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. त्याचा स्क्रीनशॉट उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवला आणि रेषा पेन्सिलीच्या जाडीएवढी जरी सरकली, तरी दहाबारा मीटरचा फरक पडला. प्लॉटची हद्द ठरवायला गावपातळीचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा लागतो. प्रकल्पाच्या अर्जासाठी १:४,००० प्रमाणाचा, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नेमलेल्या संस्थेकडून केलेला नकाशा मागतात. गटाचा नकाशा त्यावर बसवताना किमान चार पक्क्या खुणा घ्याव्यात: शिवेचा दगड, जुनी विहीर, देऊळ, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार). चारही खुणा रस्त्याच्या बाजूच्या घेतल्या तर पाण्याकडची बाजू फिरते, आणि नेमकी तीच बाजू आपल्याला हवी असते.

‘ग्रामपंचायतीचा दाखला पुरतो’

मेसेजमधला सगळ्यात चलाख मुद्दा हा. ३०० चौरस मीटरची तरतूद खरी आहे. स्वतः राहण्यासाठीच्या, एकूण ३०० चौरस मीटरपर्यंत (सुमारे ३,२३० चौरस फूट) बांधकाम असलेल्या घराला स्थानिक प्राधिकरण मान्यता देऊ शकतं, त्यासाठी राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. पण लगेच पुढचंच वाक्य असं आहे की मान्यता देण्याआधी स्थानिक प्राधिकरणाने तो प्रस्ताव सीआरझेडच्या दृष्टीने तपासायचा आहे. म्हणजे तपासणी रद्द झालेली नाही. ती मंत्रालयातून उचलून गावात आणि तालुक्यात आणून ठेवली आहे. ना-विकास क्षेत्रात किंवा कांदळवनात ही सवलत नवा हक्क निर्माण करत नाही. एकाच ओळीत पाच-सहा व्हिला काढून प्रत्येक ‘स्वतःसाठी’ दाखवणं, किंवा आठवडाभाड्याने द्यायचा बंगला यात बसवणं, हेही तपासणीत टिकण्यासारखं नाही.

दुसरी गोष्ट ‘स्थानिक प्राधिकरण’ कोण याची. ग्रामपंचायतीचा बांधकाम परवानगीचा अधिकार गावठाणापुरता आहे. गावठाणाबाहेरच्या गटांना प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नगररचना विभागाचं मत घेऊन ती दिली जाते. विक्रीला येणारे प्लॉट बहुतांशी गावठाणाबाहेरचे. त्यांच्या फाइलमध्ये सरपंचांच्या सहीचा ‘ना हरकत’ कागद असतो आणि तोच परवानगी म्हणून दाखवतात. ना हरकत म्हणजे गावाची तक्रार नाही, इतकंच.

तपासणी खरंच झाली की नाही, हे परवानगीच्या आदेशावरूनच कळतं. आदेशात आराखड्याच्या नकाशाचा क्रमांक, सीआरझेडचा वर्ग, भरती रेषेपासूनचं अंतर मीटरमध्ये, कांदळवन आहे-नाही याचा उल्लेख आणि उंची, या पाच गोष्टी शोधा. नुसतं ‘सीआरझेड नियमांच्या अधीन राहून’ एवढंच वाक्य असेल तर कुणीही काही मोजलेलं नाही आणि सगळी जोखीम तुमच्या गळ्यात घातलेली आहे. आदेशाची आणि त्यामागच्या टिप्पणीची प्रत माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवस. टोकन देण्याआधी हे ३० दिवस थांबायला विक्रेता तयार नसेल, तर तोही एक अहवालच समजा.

स्थानिक परवानगीवर विसंबून काय होतं याचा देशाला माहीत असलेला दाखला केरळमधल्या मरडूचा आहे. तिथल्या पंचायतीने २००६ साली खाडीलगतच्या इमारतींना परवाने दिले, राज्याच्या किनारा प्राधिकरणाला न विचारता. कागदावर पंचायतीचा शिक्का होता, बँकांची कर्जं होती, कुटुंबं राहत होती. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी इमारती पाडायला सांगितलं आणि ११ व १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत चारही संकुलं स्फोटकांनी खाली आणली. फ्लॅटधारकांना २५ लाखांपर्यंत अंतरिम भरपाईचा आदेश झाला. घरं गेली ती गेलीच.

‘खासगी, एनए, बांधाच्या आतली जमीन’

एनए हा महसुलाचा विषय आहे. जमीन शेतीऐवजी दुसऱ्या कामाला वापरता येईल, एवढंच तो आदेश सांगतो. भरती रेषा सरकवण्याची ताकद त्यात नाही. सातबाऱ्यावर ‘कांदळवन’ लिहिलेलं नाही, यालाही फारसा अर्थ नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात मालकी कुणाचीही असली तरी कांदळवनाच्या क्षेत्राला कोणतीही विकास परवानगी देऊ नये असं बजावलं आहे. ‘पाणथळ जागांच्या यादीत नाव नाही’ हा युक्तिवादही फसवा, कारण २०१७चे पाणथळ नियम सीआरझेडमधल्या जागा मुळातच वगळतात. त्यांना दुसरा कायदा लागू आहे, म्हणून त्या त्या यादीत नाहीत.

बांधाचा मुद्दा जरा बारकाईने पाहायला हवा, कारण कोकणात खारबंदिस्ती, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवणं, जुनी आहे. १९ फेब्रुवारी १९९१च्या आधीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरती रेषा तिथपर्यंतच धरतात, हे मेसेजवाल्याचं बरोबर आहे. पण बांध फुटून किंवा उघाडी गळून खारं पाणी आत गेलं आणि तिथे तिवरं उगवली, तर तेवढी जागा सीआरझेड-१अ या सगळ्यात कडक वर्गातच जाते, क्षेत्र कितीही लहान असो. म्हणून दोन गोष्टी तपासायच्या: बांध १९९१च्या आधीचा असल्याचा कागद (खारभूमी विभागाची नोंद किंवा जुना नकाशा), आणि बांधाच्या आत प्रत्यक्ष काय उगवलंय. मागच्या दिवाळीत जेसीबीने घातलेला बांध ‘जुना’ म्हणून दाखवण्याचे प्रकार नवे नाहीत. शिवाय सीआरझेडमध्ये भराव घालणं आणि समुद्राच्या पाण्याची नैसर्गिक वाट अडवणं हीच मुळात निषिद्ध कामं आहेत.

‘दहा गुंठ्यांपेक्षा कमी तिवरं धरत नाहीत’

एक हजार चौरस मीटर म्हणजे दहा गुंठ्यांना थोडे कमी, आणि हा आकडा अधिसूचनेत आहे. पण तो ५० मीटरच्या संरक्षक पट्ट्यासाठी आहे, तिवरांसाठी नाही. कांदळवन एक गुंठ्याचं असलं तरी सीआरझेड-१ मध्येच. २०१८च्या निकालाने तर उरलेली फटही बुजवली: हजार चौरस मीटरपेक्षा लहान कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा सीआरझेड-१ नसला, तरी बांधकाम आणि राडारोडा टाकण्यावरची बंदी तिथेही आहेच. दहा गुंठ्यांच्या प्लॉटला ५० मीटर म्हणजे बहुधा अख्खा प्लॉटच.

या आकड्यामुळेच तिवरं ‘कमी करण्याचा’ धंदा चालतो. करवत लावली की खोडं दिसतात, फोटो निघतो, वनविभागाचा कांदळवन कक्ष येतो. म्हणून पाण्याची वाट मारली जाते. भरतीच्या ओहोळावरून प्लॉटकडे कच्चा रस्ता काढायचा आणि खाली एकच अरुंद पाइप टाकायचा, तोही ओहोळाच्या तळापेक्षा उंच. भरतीचं पाणी थोडंफार आत येतं, ओहोटीला बाहेर पडत नाही. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वीतभरच वर आलेली असतात. ती सतत पाण्याखाली राहिली की मुळांना हवा मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शेंडे वाळतात, झाड उभ्या उभ्या मरतं. पाइपच टाकला नाही तर उलटं होतं: पाणी येणं बंद, उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची पांढरी खपली, आणि झाडं वाळलेली. मग त्यावर मुरूम आणि जांभ्याचा चुरा पडतो. दहा गुंठ्यांत एक मीटर भराव म्हणजे साडेतीनशे ब्रासच्या वर माल, डंपरच्या शंभराच्या आसपास खेपा. एवढ्या खेपा गावातून जातात आणि कुणाला दिसत नाहीत, हे पटण्यासारखं नाही. या मालाची रॉयल्टीची पावती तहसीलदारांना मागता येते. सीआरझेडबद्दल हात झटकणारं कार्यालयही गौण खनिजाचा पंचनामा करतं, हा आमच्या मते स्थानिक देखरेखीतला सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग आहे.

प्लॉट बघायला गेलात तर मेलेली खोडं, रस्त्याखालचा पाइप आणि भरावाच्या कडेला खेकड्यांची बिळं असलेला काळा चिखल शोधा. गुगल अर्थवरची त्याच जागेची जुनी चित्रं बघा. आज मोकळा दिसणारा तुकडा काही वर्षांपूर्वी हिरवा असेल, तर नष्ट केलेलं कांदळवन पूर्ववत करायला न्यायालयाने सांगितलेलं आहे आणि ती जागा आता तुमच्या नावावर आहे.

‘दंड भरला की मिटलं’

जनविश्वास कायद्यातल्या बदलांनंतर १ एप्रिल २०२४पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद जाऊन १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला, तेव्हापासून हे वाक्य जोरात आहे. पण दंड भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५ खाली काम बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आदेश निघतात, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (पर्यावरणाचे वाद ऐकणारं) जागा पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा लावू शकतं. पाडत नाहीत म्हणाल, तर अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी रायगड जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून उडवला.

‘पुण्यात बसून कोण तक्रार करतंय’ असंही या मजकुरात कधी कधी असतं. गंमत अशी की हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे आणि अख्खी कोकणपट्टी त्याच्या कक्षेत येते. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये. कलम १४ खालचा अर्ज वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करायचा, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. जागा पूर्ववत करण्यासाठी कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात. त्याआधी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे जावी. या समितीत मच्छीमारांसह किनाऱ्यावरच्या स्थानिक समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात, त्यामुळे जागा ओळखणारं कुणीतरी तिथे असतं. प्रती तहसीलदार, कांदळवन कक्ष आणि राज्याच्या किनारा प्राधिकरणाला. अर्जात गट नंबर, पाच दशांश स्थळांपर्यंतचे अक्षांश-रेखांश, एकाच जागेचा भरतीचा आणि ओहोटीचा तारीखवार फोटो, आणि आराखड्याच्या नकाशाचा क्रमांक द्या. ‘आमच्या भागात पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे’ एवढ्यावर पाहणीला कुणी येत नाही. तक्रार भराव पडत असतानाच करावी, फार तर जोत्यापर्यंत. स्लॅब पडल्यावर तेच प्रकरण काम थांबवण्याचं न राहता पाडण्याचं होतं, आणि तारखा वर्षांत मोजाव्या लागतात.