ओटीपी मिळणार नाही!

दार बंद आहे. डोळ्यांना दिसतंय, टक् आवाजही येतो. तरी मायक्रोवेव्ह सुरू व्हायला तयार नाही! दार जरा वर उचलून दाबून धरलं की चालू, सोडलं की बंद. शनिवारी लेकीच्या वाढदिवसाचा केक. बाहेर जळगावचा मे महिना, आत मी पंचवीस मिनिटं त्या दाराला खांदा लावून उभी, आणि केक मधोमध कच्चाच.

'चाइल्ड लॉक बघा' असं आता कोणीही सांगू नका. बघितलं. प्लग काढून ठेवला, हुकांवरचं तेलकट किटण टूथब्रशने घासलं. खालचा हुक झिजलाय, आतला मायक्रोस्विच, म्हणजे दार लागल्याचं मशीनला कळवणारं छोटं बटण, नीट दाबला जात नाही, एवढं मला कळलं. खोललं नाही, कारण प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहते. म्हणून तर माणूस बोलावला!

चार दिवसांनी आला. बूट घालून थेट ओट्यापर्यंत. कव्हर न खोलता निकाल: "पूर्ण दारच बदलावं लागेल ताई, पार्ट पुण्याहून येईल, पंधरा दिवस." म्हटलं, हुक आणि स्विच बदला ना. तर म्हणतो, "मग स्विच डायरेक्ट करून देतो. काही होत नाही."

काही होत नाही? अरे, दार उघडलं की आतल्या लहरी त्या क्षणी बंद व्हाव्यात म्हणूनच ते स्विच आहेत! एक नाही, तीन. दोन सप्लाय तोडतात, आणि ते चिकटून बसले तर तिसरा फ्यूज उडवतो. ते डायरेक्ट करायचे, म्हणजे स्विच वगळून तारा थेट जोडायच्या, की उघड्या दारातून लहरी बाहेर. माझी सहा वर्षांची पोरगी दूध गरम झालं का बघायला तोंड घालते तिथं! आणि हे सांगणारा कोण, तर कंपनीचा शर्ट घातलेला माणूस.

आणि वर निघताना म्हणतो, "काम झाल्याचा ओटीपी सांगा." कशाचा ओटीपी? काय काम केलं? नाही दिला. तरी दहा मिनिटांत मेसेज: तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे.

कूलरच्या पंपाचंही हेच. मार्चमध्ये दुरुस्त केला, एप्रिलमध्ये जळाला, आणि वर "नवीनच घ्या ना ताई." या वाक्याने माझं डोकं फिरतं. का घेऊ नवीन? एका झिजलेल्या हुकासाठी अख्खं मशीन भंगारात?

सासूबाई म्हणाल्या, बेकरीत दे भाजायला, दिवाळीची नानकटाई आम्ही तिथंच न्यायचो. आई, ती बेकरी चांगलीच आहे. पण मी पैसे मोजून घरात आणलेल्या वस्तूचं काय?

आज तिसऱ्यांदा तक्रार नोंदवली. हुक आणि स्विच बदलून, दाराला बोट न लावता ते माझ्यासमोर चालेपर्यंत ओटीपी मिळणार नाही.