खंबाटकी घाटात बंद पडलेल्या पद्मिनीबद्दल गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. बाकीचं सविस्तर लिहितोच, पण आधी एक विनंती. मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो असं तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय. मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली. कृपया गाडी आता चालू करू नका. डिकी आणि चारही दारं उघडून हवा खेळू द्या, वास पूर्ण गेला की मगच बॅटरीची मायनस केबल काढून ठेवा. गाडी न्यायला आम्ही टोइंगची गाडी पाठवतो, त्याचा खर्च आमचा. सकाळी दोनदा फोन केला, लागला नाही, म्हणून इथेही लिहितोय.

हे उत्तर इतर लोकही वाचतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. साहेबांची १९७८ची प्रीमिअर पद्मिनी, त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली. आम्ही ती कार्बोरेटरवरून (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा जुना भाग) फ्युएल इंजेक्शनवर (पंपाच्या प्रेशरने पेट्रोल फवारणारी पद्धत) केली. त्यांचं म्हणणं असं: ७०० किलोमीटरमध्ये फिल्टर चोक झाला आणि नव्याचे आम्ही १,८५० रुपये घेतले. पंप मिक्सरसारखा ओरडतो. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर आणि परत येताना शिरवळजवळ गाडी बंद पडली. मित्राच्या गाडीत तासाला २५५ लिटर ढकलणारा पंप आहे, आम्ही मात्र छोटा, स्वस्तातला लावला. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) गरज नसताना गळ्यात मारला. आणि ४५ वर्षं कार्बोरेटरवर धावलेली गाडी आम्ही बिघडवली.

घाटात भर दुपारी तुमच्या आईंना तासभर रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. त्याबद्दल मी त्यांची आणि तुमची मनापासून माफी मागतो.

रात्री जॉब कार्ड काढलं आणि काम करताना घेतलेले फोटो एकेक करून पाहिले. वासाचं कारण बहुतेक एका फोटोत दिसतंय. पंपापासून पुढे इंजिनपर्यंत आम्ही इंजेक्शनचाच होज (रबरी नळी) वापरलाय, त्यावर त्या जातीचा ‘जे३० आर९’ हा नंबर छापलेला स्पष्ट वाचता येतो. पण रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल परत नेणारी नळी) टाकीला जिथे मिळते, तिथल्या वीतभर तुकड्यावर ‘आर७’ लिहिलंय. तो कार्बोरेटरच्या गाड्यांचा होज. रिटर्नला प्रेशर जवळजवळ नसतं म्हणून तो फुटत नाही. पण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्या जातीच्या रबरातून पेट्रोलची वाफ हळूहळू बाहेर झिरपत राहते. वर त्याला आवळलेली क्लिप साधी, खाचा असलेली, रबरात रुतणारी. तिथे गोल कडांची इंजेक्शनची क्लिप हवी होती. गाडी द्यायच्या आधी ही जागा माझ्या डोळ्यांखालून जायला हवी होती आणि ती गेली नाही.

आता टाकी. तुमच्या बाकीच्या बहुतेक तक्रारी फिरून तिथेच येतात.

काम घेतलं तेव्हा टाकी खाली उतरवून धुऊन घ्यायची, असं मी म्हटलं होतं. तुम्हाला घरच्या लग्नासाठी गाडी हवी होती, त्यात तीन-चार दिवस जास्त गेले असते, आणि ‘टाकी आतून चांगली आहे’ असं तुमचं म्हणणं होतं. मी तोंडातून टॉर्च मारला, वरचा पत्रा स्वच्छ दिसला आणि मी ‘ठीक आहे’ म्हणालो. तुम्ही आग्रह केला हे खरं, पण तळाशी काय साठलेलं असतं हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला माहीत होतं. तेव्हा काम थांबवायची जबाबदारी माझी होती.

मग हीच टाकी कार्बोरेटरला इतकी वर्षं कशी चालली? इंजिनच्या बाजूला बसलेला जुना मेकॅनिकल पंप कॅमशाफ्टवर हलतो आणि जेमतेम पाव बार प्रेशर देतो. कार्बोरेटरची वाटी भरली की फ्लोट वर येतो, सुई भोक बंद करते आणि पंप नुसता लुटपुटत राहतो. म्हणजे इंजिन जेवढं पितं तेवढंच पेट्रोल टाकीतून निघतं. टाकीतलं पेट्रोल संथ राहतं, गंज आणि गाळ तळाशी बसून राहतो. थोडाफार वर आलाच तर वाटीच्या बुडाशी बसतो, आणि जेटचं (पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं) भोक मिलिमीटरभराचं असल्यामुळे बारीक धूळ त्यातून निघूनही जाते.

इंजेक्शनला तुमच्या गाडीत ३ बार प्रेशर आहे, आणि इलेक्ट्रिक पंप चालू झाला की थांबतच नाही. तुमचा पंप तासाला सुमारे १२० लिटर ढकलतो. इंजिन त्यातलं थोडंसं घेतं, बाकीचं रेग्युलेटरवरून (प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) रिटर्न लाइनने परत टाकीत पडतं. टाकीत २० लिटर असेल तर तेच पेट्रोल तासाभरात पाच-सहा वेळा फिरून येतं. ताक घुसळावं तशी टाकी सतत घुसळली जाते. त्यात इथेनॉल जुना, चिकटून बसलेला राळेसारखा थर सोडवतं आणि हवेतलं पाणीही ओढून घेतं. ४५ वर्षं तळाशी बसलेलं सगळं ७०० किलोमीटरमध्ये वर आलं.

तुमचा जुना फिल्टर मी कापून पाहिला, अजून ठेवलाय. आतला कागद तपकिरी पडलाय, बोट फिरवलं की गंजाची पूड लागते. पंपाच्या पुढचा तो फिल्टर १० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर किती बारीक ते लक्षात येईल. त्याने ती पूड अडवली म्हणून इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) वाचले. पण तुम्ही पहिल्यांदा गाडी झटके खाते म्हणून आणलीत, तेव्हाच तो फिल्टर उघडून पाहायला हवा होता. आम्ही तो काढून बाजूला ठेवला, नवा बसवला, पैसे घेतले आणि त्याच टाकीसह गाडी परत दिली. ते १,८५० रुपये आजच परत करतो.

पंपाच्या आवाजाचंही हेच. बाहेर बसवलेला पंप थोडा गुणगुणतो, पण तुम्ही लिहिलंय की आवाज दिवसेंदिवस वाढत गेला. हे वाढणं महत्त्वाचं. इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ढकलण्यात तरबेज असतो, ओढण्यात कच्चा. म्हणून तो टाकीच्या जवळ आणि टाकीच्या तळापेक्षा खाली बसवायचा, आणि त्याच्या आधी फक्त १०० मायक्रॉनची जाळी ठेवायची, म्हणजे पेट्रोल सहज आत येतं. तुमच्या गाडीत ती जाळीच गाळाने भरत गेली असणार. पंपाला ओढायला जोर लागला की तिथलं प्रेशर इतकं पडतं की पेट्रोल थंड असूनही उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पंप किंचाळायला लागतो. असा चालला तर पंपही फार दिवस टिकत नाही, त्यामुळे हा पंप मी पुन्हा लावणार नाही.

खंबाटकीला नेमकं काय झालं असेल ते सांगतो. पाव टाकी पेट्रोल, दुपारचं ऊन, चढ आणि एकामागून एक वळणं.  वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि ओढनळीचं तोंड सेकंदभर उघडं पडतं. कार्बोरेटरच्या गाडीला हे कळतही नाही, कारण वाटीत तेवढ्या वेळापुरतं पेट्रोल शिल्लक असतं. इंजेक्शनला अशी शिल्लक नसते. पंपाने हवेचा एक घोट घेतला की प्रेशर पडतं आणि गाडी जागच्या जागी थांबते. यावर उपाय म्हणजे मधे लिटर-दीड लिटरचा सर्ज टँक (पंपासाठी पेट्रोल राखून ठेवणारी छोटी टाकी), किंवा टाकीच्या आतच पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी. आमच्या एस्टिमेटमध्ये तो होता, आणि त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात ‘नंतर’ लिहिलंय. ते मी लिहायला नको होतं.

घाटात तुम्ही इंजिनवर ओलं फडकं टाकून पाहिलंत. जुन्या टॅक्सीवाल्यांची ही युक्ती खरी आहे, मीही लहानपणी वडिलांना असं करताना पाहिलंय. मेकॅनिकल पंप गरम इंजिनला चिकटलेला असतो, त्यातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि फडक्याने तो निवतो. पण आता पंप मागे डिकीखाली आहे, त्यामुळे पुढे फडकं टाकून उपयोग झाला नाही. नंतर ज्या मिस्त्रींनी तिथे येऊन गाडी चालू करून दिली त्यांचे मी आभारच मानतो. त्यांनी पंपाच्या आधी टू-व्हीलरचा पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर लावला. हेतू चांगला होता, पण तो फिल्टर बारीक आणि छोटा, त्यामुळे पंपाला आणखीच कमी पेट्रोल मिळालं आणि शिरवळला गाडी पुन्हा थांबली. ज्यांच्या गाड्या इंजेक्शनवर केलेल्या आहेत त्यांना कळकळीने सांगतो: असा फिल्टर पंपाच्या पुढच्या बाजूला तर कधीच लावू देऊ नका. ३ बारला तो फुटू शकतो, आणि पेट्रोलचा फवारा गरम इंजिनवर गेला तर काय होईल हे सांगायला नको.

पंपाच्या आकाराबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन साधारण ४० अश्वशक्तीचं. पूर्ण रेसवर, सतत, ते तासाला १२ ते १५ लिटरपेक्षा जास्त पेट्रोल पिणार नाही. १२० लिटरचा पंपच त्याला पुरून उरतो. २५५ लिटरचा लावला तर उरलेलं २४० लिटर दर तासाला पंपातून आणि तापलेल्या बॉनेटखालून फिरून टाकीत परत येईल, मे महिन्यात टाकी गरम करेल, बॅटरीतून जास्त करंट ओढेल, आणि गाळ आणखी जोरात घुसळेल. तुमच्या मित्राचं इंजिन मोठं असेल तर त्यांना तो योग्य असेल. तुम्हाला मी तो लावणार नाही.

अल्टरनेटर गरजेचा होता. जुना डायनामो आयडलिंगला जवळजवळ चार्जच करत नाही, आणि पंप, ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर), रात्री हेडलाइट हे सगळं सिग्नलला उभं असतानाही चालू राहतं. व्होल्टेज पडलं की पंपाचा जोरही पडतो.

आता पुढचं. टाकी खाली उतरवून, धुऊन, आतून इथेनॉल चालेल असं कोटिंग करून देतो. नवा पंप टाकीच्या आत, वाटीसकट बसेल. पेट्रोलमध्ये बुडालेला पंप थंड राहतो आणि आवाजही बराच कमी येतो. आत बुडालेला होजही वेगळ्या जातीचा, आर१० लागतो, तोच लावू. रिटर्न वाटीतच सोडू. टाकीपासून इंजिनपर्यंतचा प्रत्येक होज आणि क्लिप नवी. इंजिन बंद पडलं की पंप आपोआप थांबतो की नाही हे तुमच्यासमोर तपासू, आणि धक्का बसल्यावर पंपाची वीज तोडणारा स्विचही घालू. सामान आणि मजुरी, दोन्ही आमच्याकडून. त्यानंतर अर्ध्या टाकीपेक्षा कमी पेट्रोलवर मी स्वतः ती खंबाटकीवरून नेऊन आणेन, मगच तुम्हाला देईन.

हे सगळं नको असेल, तर तुमचा कार्बोरेटर आणि मेकॅनिकल पंप तेल लावून, गाडीचा नंबर लिहून फडताळात ठेवलेले आहेत. मूळ काही कापलेलं नाही. पंपाचं भोक प्लेट लावून बंद केलंय, ती दोन नटांवर निघते. नव्या डायफ्रामसह दोन्ही परत बसवून देतो आणि इंजेक्शनची मजुरी परत करतो. वडिलांची गाडी आहे, ती कशी चालावी हे तुम्हीच ठरवा.

टाकी उघडताना तुम्ही समोर असावं अशी माझी इच्छा आहे. शनिवारी सकाळी १० वाजता जमेल का? आतून जे निघेल ते पांढऱ्या कापडावर गाळून तुमच्यासमोरच पाहू. आईंना त्रास होणार नसेल तर त्यांनाही घेऊन या, मला त्यांची माफी समोर मागायची आहे.