नवा आला म्हणून जुना मरत नाही, नव्याचा स्वस्त भाऊ आला की मरतो

निन्टेंडो या जपानी कंपनीचा स्विच २, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं नवं मशीन, जून २०२५ मध्ये आला, आणि तेव्हापासून ओळखीतल्यांचा एकच प्रश्न: "जुना स्विच आता बाद ना?" विचारणारे दोन जातींचे. एकांच्या घरात जुना आहे, त्यांना तो विकून नवा घ्यायचाय. दुसऱ्यांना तोच जुना स्वस्तात हवाय, म्हणून तो बाद झालाय असं कुणीतरी ठणकावून सांगावं अशी त्यांची इच्छा आहे. इंदूरात दुसऱ्या जातीची माणसं जास्त. रामबाग ते सुदामानगर, आमची सगळी मराठी मंडळी याच जातीची. मीही.

माझं उत्तर: नाही, बाद नाही. नवं मशीन बाजारात आलं त्या दिवशी जुना हँडहेल्ड कधीच मरत नाही. इतिहास काढून बघा.

निन्टेंडोचा मूळ गेमबॉय १९८९ चा. हिरवट काळपट स्क्रीन, अंधारात दिसायचं नाही, चार पेन्सिल सेल. समोर सेगाचा गेम गिअर होता, रंगीत, उजेडाचा, पण सहा सेल तीन-चार तासांत गिळायचा. गेमबॉयचे चार सेल दहा-पंधरा तास सहज चालायचे. गुनपेई योकोई या त्याच्या जनकाचं तत्त्वच होतं की नव्या झगमगाटाच्या मागे न लागता जुनं, स्वस्त झालेलं तंत्र नव्या कामाला लावायचं. मशीन सात वर्षांचं झालं, लोक त्याला विसरायला लागले, तेव्हा १९९६ मध्ये जपानात त्याच्यावर पोकेमॉन हा गेम आला आणि म्हातारा पुन्हा धावायला लागला. २००१ च्या जूनमध्ये अमेरिकेत गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आला, आणि पुढच्याच महिन्यात तिथे पोकेमॉन क्रिस्टल विकायला आला तो जुन्या गेमबॉय कलरसाठी. का? कारण अ‍ॅडव्हान्समध्ये जुनी कार्ट्रिज, म्हणजे गेमच्या छोट्या डब्या, चालत होती. जुन्यासाठी गेम काढला की जुने आणि नवे दोन्ही गिऱ्हाईक मिळतात. गेम बनवणारा लाँचची तारीख बघत नाही, किती हातांत मशीन आहे ते मोजतो.

२०१२ मध्येही तेच झालं. गेमबॉयनंतरचा डीएस, आणि त्याचा वारसदार ३डीएस. ३डीएस येऊन वर्ष उलटून गेलं होतं, तरी पोकेमॉन ब्लॅक २ आणि व्हाइट २ निघाले डीएसवर. ३डीएसमध्ये ते चालतच होते, मग घाई कशाला?

त्याआधी २००४ मध्ये डीएस आला तेव्हा निन्टेंडो सांगत होती की हा आमचा "तिसरा खांब", गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आणि टीव्हीवरचा गेमक्यूब आपापल्या जागी राहतील. माझ्या मते असं बोलणं हा विमा असतो. कंपनी "जुनाही चालू ठेवू" म्हणते ती जुन्याच्या मायेपोटी नाही, नव्याच्या धास्तीपोटी. दोन स्क्रीन आणि एक टोचायची काडी असलेलं ते विचित्र यंत्र आपटलं असतं, तर गेमबॉय हे नाव स्वच्छ राहिलं असतं. पण डीएस आपटला नाही. पंधरा कोटींच्या वर गेला. गेमबॉय हे नाव त्यानंतर कुठल्याच नव्या पिढीला मिळालं नाही. गंमत बघा, अ‍ॅडव्हान्सवर २००६ च्या एप्रिलमध्ये मदर ३ आला, ऑगस्टमध्ये रिदम तेंगोकू, नोव्हेंबरमध्ये फायनल फॅन्टसी ६. वारसदार गादीवर बसून दोन वर्षं होत आली होती.

मग हे मरतात तरी कधी? मला वाटतं ३डीएसकडे बघितलं की कळतं.

मार्च २०१७ मध्ये स्विच आला, तीनशे डॉलरला. ३डीएसची कार्ट्रिज त्यात चालत नव्हती. म्हणजे वर सांगितलेली सोय इथे नव्हती, तरी ३डीएस टिकला. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यू २डीएस एक्सएल हे नवं मॉडेल निघालं, सप्टेंबरमध्ये मेट्रॉइडचा नवा गेम आला, नोव्हेंबरमध्ये पोकेमॉन अल्ट्रा सन आणि अल्ट्रा मून. कारण सरळ आहे. साधा २डीएस, तो न मिटणारा, पाचराच्या आकाराचा, ऐंशी डॉलरला मिळत होता. आठ वर्षांच्या पोराच्या हातात तीनशे डॉलर कुठले आईबाप देतील? ऐंशीचं मशीन पडलं, फुटलं तर रडू येतं, पण घरात भांडण होत नाही.

मग सप्टेंबर २०१९ मध्ये स्विच लाइट आला. दोनशे डॉलर, हलका, खिशात नाही पण दप्तरात मावणारा, टीव्हीला लागत नाही, म्हणजे लहान मुलांसाठीच. एक वर्ष. सप्टेंबर २०२० मध्ये ३डीएसचं उत्पादन बंद. स्विचने अडीच वर्षांत जे केलं नाही ते लाइटने वर्षभरात केलं. तारखा समोर आहेत, यातून दुसरा अर्थ कुणी काढून दाखवावा. (ते करोनाचं वर्ष होतं हे मला माहीत आहे. पण करोनात स्विच मिळेनासा झाला होता. लोकांना मशीन हवं होतं, ३डीएस नको होता.)

उलट बाजू सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डची. त्याचा वारसदार व्हीटा २०११ च्या डिसेंबरमध्ये जपानात आला. स्क्रीन देखणी, मागे टचपॅड, पण पीएसपीच्या चकत्या घालायला जागाच नाही, आणि मेमरी कार्ड कंपनीचंच, तेही महाग. व्हीटाचा हातात धरायचा खरा स्वस्त भाऊ कधी जन्मलाच नाही. परिणाम असा की जपानात सुरुवातीच्या महिन्यांत कित्येक आठवडे जुना पीएसपीच व्हीटापेक्षा जास्त विकला गेला, आणि सोनीने तो २०१४ पर्यंत चालवला. वारसदार महाग असेल तर म्हातारा गादी सोडत नाही.

आता आजचा स्विच. इथे एक नवी भानगड आहे. नवं आलं की जुन्याची किंमत उतरते हा नियम. डीएस येण्याच्या तोंडावर अमेरिकेत अ‍ॅडव्हान्स एसपी ऐंशी डॉलरला आणला होता. या वेळी निन्टेंडोने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत जुन्या स्विचची किंमत चक्क वाढवली. साधा तीनशेवरून तीनशे चाळीस, ओलेड, म्हणजे चांगल्या स्क्रीनचा, साडेतीनशेवरून चारशे. आठ वर्षांचं मशीन, वारसदार दुकानात, आणि भाव वर! कंपनीने बाजाराच्या परिस्थितीकडे बोट दाखवलं. असेल. पण याने जुन्याची मुख्य कुबडीच, म्हणजे स्वस्ताई, गेली. २०२५ च्या भावात चारशेचा ओलेड आणि साडेचारशेचा नवा, यात फरक पन्नासचा. अमेरिकेतला माणूस नवाच घेणार.

तरीही मी म्हणतो की जुना मरत नाही, आणि कारण पुन्हा हातांची मोजणी. पंधरा कोटींच्या वर स्विच जगात आहेत. पोकेमॉन लेजंड्स झेड-ए ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्हींवर आला, डिसेंबरमध्ये मेट्रॉइड प्राइम ४ दोन्हींवर. मारिओ कार्ट वर्ल्ड आणि डाँकी काँगचा बनान्झा फक्त नव्यावर, ते सोडून द्यावे लागतील. स्विच २ चा स्वस्त भाऊ ज्या दिवशी येईल, त्या दिवसापासून जुन्याचं वर्षभर मोजायला घ्या.

आणि हातात धरून बघितलंय कुणी? नवा कंट्रोलरसकट पाचशे चौतीस ग्रॅम, जुना साधा चारशेच्या आत, लाइट तर पावणेतीनशे. झोपून खेळणाऱ्या माणसाने नाकावर पाडून बघावं, मग मोठ्या स्क्रीनचं कौतुक करावं.

हे सगळं तिकडचं झालं. इंदूरात हिशोबच वेगळा. निन्टेंडो इथे अधिकृत विकतच नाही. ना शोरूम, ना सर्व्हिस सेंटर. पीएसपी सोनी रीतसर विकायची, म्हणून तो तरी पोरांच्या हातात दिसायचा, आणि जेल रोडच्या गल्ल्यांत मेमरी स्टिकमध्ये चोरीचे गेम भरून द्यायचे तेही आपण पाहिलंय, उगाच सोवळं नको. पण निन्टेंडोचं मशीन इकडे येतं ते कुणाच्या तरी सुटकेसमधून. न्यू जर्सीचा चुलतभाऊ नवं घेतो आणि जुनं दिवाळीला येताना घेऊन येतो. म्हणजे तिकडे नवा आला की इकडे जुन्याचं आयुष्य सुरू होतं. आमच्या नात्यात डीएस लाइट आला तो ३डीएस निघाल्यावर, ३डीएस आला स्विच निघाल्यावर. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला, तसं. शिवण उसवलेली असते, पण शर्ट असतो.

आणि इकडे त्याला जिवंत ठेवतो तो डॉलर मार्केटमधला मोबाइलवाला. परवा स्विचच्या कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप वर सरकत होती, मारिओ हात न लावता कड्यावरून उडी घेत होता. हा या मशीनचा जगजाहीर रोग, निन्टेंडोच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये त्याबद्दल माफीही मागितलीय. अमेरिकेत फुकट दुरुस्त करून देतात, आपण पत्र्याच्या स्टुलावर बसायचं. पोराने आधी स्क्रू बघितले, तीन पात्यांचे, आणि आयफोनच्या डब्यातून बरोबर बिट काढली. झाकण उघडून बॅटरी उचलली, चिमट्याने पट्टीच्या कनेक्टरचं इवलंसं काळं झापड वर केलं. स्टिकच्या पाठीला पत्र्याचं झाकण असतं, त्याचा दाब सैल पडला की आतली घासपट्टी नीट टेकत नाही. त्याने कुण्या वकिलाच्या व्हिजिटिंग कार्डाचा नखाएवढा चौकोन कापला, त्या पत्र्यावर ठेवला आणि झाकण दाबून बसवलं. मारिओ उभा राहिला. मी विचारलं, टिकेल का? "चल जाएगी भिया. पक्का काम चाहिए तो नई डालनी पड़ेगी, वो बोल देना।" प्रामाणिक माणूस. पोह्यांपेक्षा जरा जास्त पैसे घेतले, सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या रात्रीपेक्षा बरेच कमी.

मशीन असं निभतं. निभत नाही ती दुकानदारी जी इंटरनेटवर असते. ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळणंही गेलं. माझ्या ३डीएसमधले कार्ट्रिजवाले गेम आजही खटकन बसतात आणि चालतात. जे गेम फक्त डाउनलोडने मिळायचे ते आता विकतच घेता येत नाहीत. स्विचचंही कधीतरी तेच होणार. म्हणून जुना स्विच घेणाऱ्यांनो, गेम शक्यतो कार्ट्रिजवर घ्या. वापरलेले स्वस्तात मिळतात, खेळून झाले की विकताही येतात, आणि नव्या मशीनमध्येही बहुतेक सगळे चालतात, म्हणजे पुढे कधी चुलतभावाने स्विच २ टाकला तर पैसा वाया नाही.

घेताना मशीन उलटं धरून पाठ बघा. बॅटरी फुगली असेल तर मागचं झाकण मधून वर येतं, पीएसपीवाल्यांना हे सांगायला नको. सेटिंगमध्ये स्टिक तपासायची सोय आहे, हात न लावता खूण मध्यावर उभी राहते का ते पाहा. विकणाऱ्यासमोर वाय-फाय लावून ऑनलाइन दुकान उघडा. उघडत नसेल तर त्या मशीनवर कंपनीने बंदी घातलेली असू शकते, कुणीतरी आधी छेडछाड केलेली असते. "भिया, नेट स्लो है" म्हणाला तर आपला हॉटस्पॉट द्या. आणि विकणारा नवा घेत असेल तर जुन्यातलं मेमरी कार्ड मशीनबरोबर फुकट मागा, कारण स्विच २ ला गेम ठेवायला वेगळ्या जातीचं, महाग कार्ड लागतं. जुनं त्याच्या काही कामाचं नाही.

ता.क. जेल रोडला डीएस लाइटचं बिजागर बदलून देणारा कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. माझ्याकडच्याचं उजवीकडचं तडकलंय, वरची स्क्रीन सेलोटेपवर उभी आहे. डॉलर मार्केटवाला म्हणतो, "पुर्जा ला दो, लगा दूंगा।" पुर्जा आणायचा कुठून ते त्यालाही ठाऊक नाही.