मोटर गेली, साहेब

गेल्या वैशाखातली गोष्ट. अंतरपाट धरलेला, शेवटचं मंगलाष्टक सुरू, आणि माझ्या पन्नास एमएम लेन्सने 'टिर्र' करून मान टाकली. फोकस नाही म्हणून शटर पडेना. रिंग हाताने फिरवली तर अर्ध्यात अडकली. बॅगेतून झूम काढून लावेपर्यंत हार घालून झाले होते. अल्बम बघताना नवरीच्या मामांनी विचारलंच, "हार घालतानाचा कुठाय हो?"

सर्व्हिस सेंटरवाल्याने लेन्स उघडलीसुद्धा नाही. "मोटर गेली, साहेब. फोकस करणारं अख्खं युनिट बदलावं लागेल." आकडा असा, की तेवढ्यात सेकंडहँड दुसरी आली असती.

मग मुंबईला फोर्टात, बोरा बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने माझ्यासमोर स्क्रू काढले, पुढची नळी उपसली आणि डोळ्याला भिंग लावून फिरवत राहिला. कडेला बारीकसा पोचा. "आपटली?" आपटली नव्हती. पण नळी पुढे आलेली असताना, हूड (लेन्सच्या तोंडावरची टोपीसारखी कडी) न लावता, मी ती बॅगेत कोंबत आलो होतो. दाब पडून नळी जराशी वाकते, खोबणीत अडकते, आणि आतली बोटभर मोटर जोर लावून थकते. मोटर ठणठणीत होती.

'मोटर गेली' हे आपल्याकडे डॉक्टरांच्या 'व्हायरल आहे'सारखं झालंय. झूममध्ये तर बऱ्याचदा फ्लेक्सच, म्हणजे आतली वायरची लवचिक पट्टीच, तुटलेली असते. दर झूमला ती पट्टी दुमडते, कधीतरी चिरणारच. लेन्स उघडून बघायला काय जातं?

खरी रिंगवाली, म्हणजे कडीच्या आकाराची, अल्ट्रासॉनिक मोटर तर फार देखणी वस्तू आहे. कॅननने १९८७ साली ३००एमएम एफ२.८ लेन्समध्ये ती पहिल्यांदा आणली. दातेरी चक्रं नाहीतच. पिझो सिरॅमिकची (वीज दिली की थरथरणाऱ्या सिरॅमिकची) कडी सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा थरथरते, धातूच्या कड्यावरून लाट पळते आणि नुसत्या घर्षणावर वरची कडी फिरते. आपल्या कानांना ते ऐकू येत नाही. म्हणून अशी लेन्स किंचाळायला लागली की समजावं, तिथली पकड बिघडलीय. आणि यूट्यूब बघून तेल सोडणाऱ्या बंधूंनो, जिथे घर्षणावरच सगळं चालतं तिथे तेल? जेजुरीला भंडाऱ्यात उभं राहून फोटो काढताना आत गेलेली हळदही इतकं वाटोळं करणार नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. त्या जुन्या रिंग-मोटरवाल्या लेन्सची मोटर मेली तरी हाताने फोकस करून लग्न निभावता यायचं. निकॉनच्या जुन्या स्क्रूवाल्या लेन्समध्ये तर मोटरच नाही, ती कॅमेऱ्याच्या बॉडीत, तिथून स्क्रूने लेन्स फिरते. जळायला आत काही नाहीच. आता मिररलेसच्या (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांच्या) बहुतेक लेन्समध्ये फोकसची रिंग म्हणजे नुसतं बटण. तुम्ही फिरवता, ती मोटरला कळवते. मोटर गप्प, की रिंगही गप्प. (बंद असताना हलवल्यावर आत खडखडतं ते मात्र घाबरण्यासारखं नसतं. बऱ्याच लिनिअर मोटरवाल्यांचा तो स्वभावच आहे.) फोकस चित्त्यासारखा, कबूल. पण ज्याची चूल कॅमेऱ्यावर पेटते त्याने बॅगेत एक तरी हाताने फिरणारी लेन्स ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

पन्नास आता नीट चालते. बॅगेत टाकताना फोकस अनंतावर आणि हूड चढवलेलं. झूमची फ्लेक्स मात्र परवा गेली, आणि दरवेळी मुंबई परवडत नाही. सांगली-कोल्हापूरकडे लेन्स उघडून बघणारा कुणी असेल तर खाली सांगा.